जीवकाच्या हातातील सुया

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आरोग्यावर काहीतरी लिहा, असा आग्रह संपादक मंडळाने धरला. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. तीस वर्षे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून पुड्या बांधल्या, बाटल्या भरल्या. निवृत्तीनंतर विहाराच्या वाचनालयात बसून जे वाचले, त्यातून हा लेख जमवला आहे. हा विषय घेण्यामागे एक कारण आहे, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीत ॲक्युपंक्चरचे, म्हणजे सुया टोचून उपचार करण्याचे, मोफत शिबिर भरले होते. मंडपाच्या फलकावर गुडघेदुखी, दमा, लकवा, शुगर असे सगळे रोग लिहिलेले. वर तथागतांचे चित्र, आणि त्याखाली ही बौद्ध भिक्खूंची हजारो वर्षांची विद्या असल्याचा मजकूर. आपल्या महिला मंडळातील एक मावशी गुडघ्यासाठी तिथे गेल्या. गुडघ्याला आराम पडला, हे मी स्वतः पाहिले आहे. विहाराच्या पायऱ्या त्या कठडा न धरता चढू लागल्या. पण शिबिरातल्या माणसाने त्यांना सांगितले, शुगरच्या गोळ्या आता बंद करा, सुया आणि काढा पुरे. मावशींनी गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. मी रोज त्यांना वंदनेला भेटत होतो. त्यांनी मला विचारले नाही आणि मीही चौकशी केली नाही. नंतर म्हणाल्या, "भाऊ, वर बुद्धाचं चित्र होतं, मग आणखी काय विचारायचं?"

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून बुद्धधम्माचा आणि या चिनी सुयांचा, काढ्यांचा खरोखर काय संबंध आहे ते शोधायला बसलो. संबंध आहे. पण त्या फलकावर लिहिला होता तसा नाही.

उकिरड्यावरचे मूल

सुरुवात राजगृहापासून करावी लागते. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा आहे, आणि बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात जीवकाला स्थान दिले आहे. सालवती नावाच्या गणिकेने आपले नवजात मूल टोपलीत घालून उकिरड्यावर टाकायला लावले. राजपुत्र अभयाने कावळे जमलेले पाहून विचारले, तर लोक म्हणाले, जिवंत आहे. म्हणून त्याचे नाव जीवक पडले. हे मूल मोठे होऊन तक्षशिलेला गेले आणि सात वर्षे वैद्यक शिकले. शेवटी गुरूने परीक्षा घेतली. तक्षशिलेच्या भोवती एक योजन फिर आणि जे औषध नाही असे झाड घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परत आला. औषध नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नव्हती. तो उत्तीर्ण झाला. पुढे तो बिंबिसार राजाचा आणि भिक्खूसंघाचा वैद्य झाला.

संघात औषधाला मोठे स्थान होते. चीवर, भिक्षा, निवारा आणि आजाऱ्यासाठी औषध या भिक्खूच्या चार मूलभूत गरजा मानल्या गेल्या. अतिसाराने मळात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली, आणि माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची सेवा करा, अशा अर्थाचा उपदेश केला, हेही महावग्गातच आहे. याउलट मनुस्मृतीने वैद्याच्या घरचे अन्न निषिद्ध ठरवले आणि त्याला श्राद्धाच्या पंगतीत बसू दिले नाही. रक्त-पू यांना हात लावणारा माणूस तिथे अपवित्र. आपल्या महाराष्ट्रात कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात मात्र मगिल नावाच्या राजवैद्याचे दान ब्राह्मी लिपीत कोरलेले आजही वाचता येते. वैद्य आणि विहार यांचे नाते दगडात राहिले आहे.

भिक्खू पोहोचण्याआधीचे चीन

चीनला वैद्यक भिक्खूंनी शिकवले असे कुणी म्हणत असेल तर ते खरे नाही. चीनचे वैद्यक चीनचेच आहे. चांगशा शहराजवळ मावांगतुई येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेली एक कबर १९७३ साली उघडली. तिच्यात रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ मिळाले. त्यांत शरीरातल्या नाड्यांचे मार्ग दिले आहेत आणि त्यांवर वनस्पतीची वात जाळून शेक देण्याची रीत आहे. गंमत म्हणजे सुया टोचण्याचा उल्लेख त्यांत नाही. ही शेकाची वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली. आपल्या खेड्यात पोट दुखले की बिब्ब्याचा चटका देत, तो प्रकार ज्यांनी पाहिला असेल त्यांना याचे नवल वाटणार नाही. सुयांचे सविस्तर शास्त्र ‘ह्वांगती नेइचिंग’ म्हणजे पीत सम्राटाच्या वैद्यकग्रंथात येते. तो इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या आसपास आकाराला आला. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, ती अडली की रोग होतो, आणि मार्गावरच्या बिंदूंवर सुई टोचून ती मोकळी करता येते, असा त्याचा सिद्धांत.

वनौषधींचा पहिला मोठा कोश ‘शेननुंग पेनत्साओ’. त्यात ३६५ औषधे आहेत. रोग्याचे खाणेपिणे, झोप, ऋतू, मनःस्थिती हे सगळे पाहून काढा ठरवायचा ही या वैद्यकाची पद्धत. हल्ली ज्याला समग्र आरोग्य म्हणतात ते हेच. तेव्हा चीनकडे स्वतःची सुई होती, स्वतःचा काढा होता. मग भिक्खूंनी काय नेले?

ग्रंथांबरोबर गेलेले

इ.स. १४८ मध्ये आन शी-काव हा भिक्खू लोयांग येथे पोहोचला आणि त्याने बौद्ध ग्रंथांची भाषांतरे केली. पुढे त्याच्या नावावर जीवकाचे एक सूत्रही चिनी भाषेत प्रचलित झाले. विद्वान ते त्याच्या नंतरचे मानतात. या सूत्रात जीवक आम्रपालीचा मुलगा झाला आहे. आणि तो जन्मतो तेव्हा त्याच्या हातात सुया आणि औषधाची पिशवी असते! आपल्या पाली कथेत सुया कुठेच नाहीत. चिनी लोकांना वैद्य म्हटले की सुई आणि वनौषधीच डोळ्यासमोर येणार, म्हणून त्यांनी आपल्या जीवकाच्या चिमुकल्या हातात त्या दिल्या. परक्या देशातल्या वैद्याला त्यांनी असे आपले करून घेतले. शिबिराच्या फलकावरचा मजकूर कुठून आला असेल, याचा अंदाज मला इथे आला.

पुढे इ.स. ५०० च्या सुमारास ताओ हुंगचिंग नावाच्या विद्वानाने एक जुने पुस्तक नव्याने सिद्ध केले. मूळ पुस्तक चौथ्या शतकातल्या को हुंगचे. बाहीत, कोपराशी ठेवता येईल इतके छोटे, आणि गरिबाला स्वस्तात मिळतील अशा औषधांचे. ताओ हुंगचिंग स्वतः ताओ पंथाचा. पण त्याने पुस्तकातले उपाय १०१ केले आणि कारण बौद्ध ग्रंथांतले दिले. शरीर चार महाभूतांचे, आणि प्रत्येक महाभूत बिघडले की १०१ रोग होतात. या छोट्या पुस्तकाचे नाव लक्षात ठेवा, ‘चौहौ’ म्हणजे कोपरामागचे पुस्तक. ते पुन्हा येणार आहे.

सातव्या शतकात सुन सिमियाओ हा थोर वैद्य झाला. इ.स. ६५२ च्या सुमारास त्याने हजार सुवर्णमुद्रांच्या मोलाच्या औषधांचा ग्रंथ लिहिला. नंतरच्या ग्रंथात तो भारताच्या महावैद्य जीवकाचे नाव घेऊन सांगतो की जगात औषध नाही अशी वस्तूच नाही. तक्षशिलेच्या परीक्षेतले उत्तर हजार मैलांवर जाऊन पोहोचले ते असे. वैद्याने कसे वागावे यावरचे त्याचे प्रकरण तर प्रत्येक दवाखान्यात लावावे असे आहे. आजारी माणूस श्रीमंत की गरीब, उच्च की नीच, शत्रू की मित्र, आपला की परका हे पाहू नये, सर्वांना जवळच्या नातलगाप्रमाणे वागवावे, आधी करुणा जागी करावी आणि मग हात लावावा, असा त्याचा आशय आहे. ही करुणेची भाषा बुद्धधम्माची, हे अभ्यासक मान्य करतात.

भिक्खूंनी एक सुईही नेली, पण ती वेगळी होती. मोतीबिंदूने अंध झालेल्याच्या डोळ्यातला गढूळ भिंग सळईने खाली ढकलण्याची शस्त्रक्रिया सुश्रुतसंहितेत आहे. इ.स. ७५२ मधल्या वांग ताओच्या ग्रंथात ही सोन्याच्या सळईची क्रिया येते, आणि ही नेत्रविद्या पश्चिमेकडच्या एका भिक्खूकडून आली असे त्यात नमूद आहे.

मला सर्वांत भावली ती लोयांगजवळच्या लुंगमेन लेण्यांतली एक लेणी. तिला लोक औषधांची गुहाच म्हणतात. दरवाज्याशी दगडात शंभरावर उपचार कोरलेले आहेत, काढे, लेप आणि शेकाचे. काळ सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचा. वैद्याला पैसे देता येत नसतील त्याने यावे, वाचावे, न वाचता येणाऱ्याने कुणाकडून वाचून घ्यावे. गुप्त मंत्र नाही, गुरूची दक्षिणा नाही. थांग राजवटीत विहारांनी गरीब आणि आजारी लोकांसाठी ‘करुणाक्षेत्र’ नावाची आश्रयस्थानेही चालवली. इ.स. ८४५ मध्ये बौद्ध विहारांवर बादशाही घाला पडला तेव्हा ती भिक्खूंच्या हातातून गेली.

इत्सिंगचा प्रांजळपणा

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. इत्सिंग हा चिनी भिक्खू इ.स. ६७१ मध्ये निघाला, सुमारे दहा वर्षे नालंदेला शिकला आणि ६९५ मध्ये परतला. आपल्या वृत्तांतात त्याने भारतीय वैद्यकाची आठ अंगे सांगितली, आजाराच्या सुरुवातीला लंघन करण्याची रीत कौतुकाने वर्णिली. पण सुया, शेक आणि नाडीपरीक्षा यांत चीनला जंबुद्वीपात तोड नाही, असेही त्याने स्पष्ट लिहिले. तो बुद्धभूमीचा परम भक्त. तरी इथले आहे म्हणून सगळेच श्रेष्ठ, असे त्याने म्हटले नाही.

चियेनचेन, ज्याला जपानी लोक गांजिन म्हणतात, त्याची गोष्ट तर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. विनय शिकवायला जपानला जाण्याचे त्याचे पाच प्रयत्न फसले, वादळे आली, डोळे गेले. सहाव्या प्रयत्नात इ.स. ७५३ मध्ये तो जपानला पोहोचला. दृष्टी नसताना तो वासावरून औषधे ओळखत असे अशी ख्याती आहे. त्याच काळात, ७५६ मध्ये, सम्राज्ञी कोम्योने नारा येथील तोदाइजी विहाराला ६० औषधे दान दिली. त्या यादीत जिनसेंगबरोबर हिरडा, मिरी आणि पिंपळीही आहे. सह्याद्रीत आदिवासी बांधव गोळा करतात तोच हा हिरडा, जपानच्या राजकोशात जाऊन बसलेला.

चढउतार

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. इ.स. १०२७ च्या सुमारास सुंग दरबारात वांग वेइयीने बिंदू कोरलेले काशाचे दोन पुतळे विद्यार्थ्यांसाठी घडवले. सोळाव्या शतकात ली शिचेनने १,८९२ औषधांचा महाकोश लिहिला. पण १८२२ मध्ये खुद्द चिनी सम्राटानेच राजवैद्यशाळेतून सुया बंद केल्या. १९२९ मध्ये तिथल्या सरकारपुढे देशी वैद्यक मोडीत काढण्याचा ठराव आला आणि वैद्य रस्त्यावर उतरले. १९५० नंतर माओच्या राजवटीने ते पुन्हा उभे केले, १९५६ मध्ये त्याची महाविद्यालये काढली. १९६० च्या दशकाअखेर खेड्यापाड्यांत ‘अनवाणी डॉक्टर’ सुया आणि जडीबुटी घेऊन फिरू लागले. त्यात अभिमान होता, आणि डॉक्टर कमी व माणसे फार ही अडचणही होती.

सोलापूरचा डॉक्टर

सुई भारतात आली त्यामागे आपल्या मातीतला एक धागा आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून काँग्रेसचे पाच डॉक्टरांचे पथक निघाले. अटल, नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. कोटणीस तिथेच राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, चीनच्या मातीत विसावले. शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट जुन्या पिढीने पाहिला असेल. कोटणीसांचे काम शस्त्रक्रियेचे होते, ॲक्युपंक्चरचे नव्हे. सुई आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बिजय कुमार बसू यांनी. ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. आज महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही तिला मान्यता दिली.

कसोटी

आता मुख्य प्रश्न. हे सगळे खरे आहे का? गुण येतो का? तथागतांनी कालामांना सांगितले ते आपण सगळे जाणतो. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. तेच इथे लावू.

१९७१ मध्ये रेस्टन नावाच्या अमेरिकन पत्रकाराचे पेकिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. सुया टोचून ऑपरेशन केले अशी अफवा जगभर पसरली. प्रत्यक्षात ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनने झाले होते. सुया नंतर पोटातला त्रास कमी करायला वापरल्या, आणि त्याला आराम पडला, असे त्याने स्वतः लिहिले. अफवा मोठी होती आणि सत्य लहान, पण सत्यही काहीतरी होतेच. पुढे जर्मनीत पाठदुखीच्या रोग्यांवर मोठ्या चाचण्या झाल्या. सुया टोचलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम पडला. पण शास्त्रातले बिंदू सोडून भलतीकडे सुया टोचल्या तरी जवळजवळ तितकाच पडला. म्हणजे दुखण्यावर उपयोग दिसतो, ‘ची’च्या मार्गांचा पुरावा मात्र दिसत नाही. ऑपरेशननंतरची व केमोथेरपीची मळमळ यांवरही काही उपयोग दिसला आहे. मावशींचा गुडघा बरा वाटला त्यात खोटे काही नव्हते. पण सुयांनी मधुमेह जातो याला आधार नाही.

वनौषधींचेही तसेच. व्हिएतनामच्या युद्धकाळात मलेरियावर औषध शोधण्यासाठी चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त प्रकल्प सुरू केला. त्यात तू यूयू या संशोधिकेने जुने ग्रंथ चाळले. दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीचा अर्क कधी गुण दाखवी, कधी नाही. तेव्हा तिला एका जुन्या पुस्तकात सापडले की मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा. उकळायचा नाही! उष्णतेने औषध मरत असावे हे तिने ओळखले आणि कमी तापमानात ईथरने अर्क काढला. १९७१ मध्ये तो यशस्वी ठरला. रोग्यांना देण्याआधी तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. २०१५ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ते पुस्तक कोणते? तेच कोपरामागचे, को हुंगचे, गरिबांसाठी लिहिलेले, आणि ताओ हुंगचिंगने बौद्ध गणिताने १०१ केलेले. पुस्तकाने वाट दाखवली. पण औषध झाले ते प्रयोगानंतर.

याची दुसरी बाजूही ऐका. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. त्यांत एका मुळीच्या जागी नावाच्या घोळाने दुसरीच विषारी मुळी गेली, आणि शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य मी दवाखान्याच्या खिडकीत हजारदा ऐकले आहे. जगात औषध नाही अशी वस्तू नाही हे जीवकाचे उत्तर खरे. पण औषध म्हटले की मात्रा आली, ओळख आली, जबाबदारी आली. जीवक त्यासाठी सात वर्षे शिकला होता.

आपल्या दाराशी

बंधू-भगिनींनो, या विद्येवर बुद्धाचे चित्र लावायचा कुणाला हक्क असेल तर तो सुन सिमियाओसारख्याला, गांजिनला, लुंगमेनच्या दगडात उपचार कोरणाऱ्या अनामिकांना. त्यांनी जे कळले ते उघड केले, दुसऱ्याचे चांगले ते मोकळेपणाने घेतले. समग्र आरोग्य म्हणजे माणसाचा गुडघा, त्याची शुगर, त्याचे जेवण आणि त्याची भीती हे सगळे एकत्र पाहणे. गुडघा पाहून शुगर विसरणारा उपचार समग्र कसा म्हणायचा?

त्या घटनेनंतर आपण विहाराच्या दाराशी एक साधा फलक लावला आहे, तो आपण पाहिला असेल. शिबिर घेणाऱ्याने आपली नोंदणी दाखवावी. सुई नवी आणि एकदाच वापरण्याची असावी. दर रविवारी वंदनेनंतर शुगर आणि बीपी तपासून मिळेल. सर्वांत वर जी ओळ आहे ती मावशींनी सांगितली आणि मी लिहिली: डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नका. मावशी आता काठी घेऊन चालतात. नवीन कुणी आले की फलकासमोर उभ्या राहून त्याला ती ओळ वाचायला लावतात, आणि वाचता येत नसेल त्याला स्वतः वाचून दाखवतात.

नमो बुद्धाय. जयभीम.